वादाचे घटक आणि मधु सप्रे यांची कारकीर्द

एखाद्या व्यक्तीस वादग्रस्त म्हणण्यापूर्वी वादाचे घटक निश्चित केले पाहिजेत. पूर्ण वादास चार घटक लागतात: आक्षेपविषय झालेली कृती, तिचा कर्ता, आक्षेपक आणि निर्णय देणारे पीठ. यांपैकी एक जरी बदलला तरी वाद निराळा होतो. लोकव्यवहारात मात्र निरनिराळे वाद एकाच व्यक्तीच्या नावावर जमा होतात, आणि कृतीस लावायचे विशेषण त्या व्यक्तीस कायमचे चिकटते. नागपूरच्या मधु सप्रे यांच्याबाबत हेच घडले. त्यांच्या कारकिर्दीतील दोन वाद स्वभावतः भिन्न आहेत. पहिला वाचिक, दुसरा दृश्य.

वाचिक वाद 1992 चा. त्या वर्षी मिस इंडिया झालेल्या सप्रे बँकॉक येथे मिस युनिव्हर्स स्पर्धेच्या अंतिम तिघींत पोहोचल्या. देशाचे नेतृत्व मिळाल्यास काय कराल, या आशयाच्या प्रश्नावर त्यांनी मोठे क्रीडासंकुल उभारण्याचे उत्तर दिले. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीन यांना मिळाला, सप्रे तिसऱ्या आल्या. गरीब देशाच्या प्रतिनिधीने दारिद्र्याविषयी बोलायला हवे होते, असा आक्षेप त्यानंतर वर्षानुवर्षे घेतला गेला. येथे उत्तराचे दोन गुण वेगळे करावे लागतात: सत्यता आणि औचित्य. सप्रे मूळच्या मैदानी खेळाडू होत्या, त्यामुळे त्यांचे उत्तर त्यांच्या अनुभवातून आलेले, म्हणून सत्य होते. औचित्याचा संकेत मात्र स्पर्धेने ठरवलेला असतो, आणि तो सत्यतेची अपेक्षा करत नाही. दोन वर्षांनी, 1994 मध्ये, सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी दोन जागतिक मुकुट आणले, तेव्हा सप्रे यांचे उत्तर ‘हुकलेली संधी’ म्हणून नव्याने उगाळले गेले. आक्षेपाचे खरे कारण उत्तरात नव्हते, नंतरच्या यशात होते. हा वाद एवढ्यावर संपतो, कारण त्यास निर्णयाचे पीठच नव्हते.

दृश्य वादास पीठ होते, म्हणून त्याचे विवेचन विस्ताराने केले पाहिजे. 1995 मध्ये ‘टफ’ बुटांची जाहिरात प्रसिद्ध झाली. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्ता यांचे, कृष्णधवल. सप्रे आणि मिलिंद सोमण विवस्त्र, परस्परांना बिलगून उभे. दोघांच्या अंगांभोवती अजगर. पायांत फक्त बूट. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने त्याच्या वापराबद्दल वेगळे प्रकरण उभे राहिले. मॉडेल, छायाचित्रकार, जाहिरात संस्था आणि प्रकाशक यांची निर्दोष मुक्तता 2009 मध्ये झाली. मध्ये चौदा वर्षे गेली.

या चित्राच्या कर्तृत्वाचे तीन स्तर पाडता येतात. कल्पना व निर्मिती हा पहिला. मुद्रण व वितरण हा दुसरा. देह देणे हा तिसरा. भारतीय दंड संहितेचे कलम 292 ज्या क्रिया मोजत असे त्या विकणे, वाटणे, जाहीर प्रदर्शन करणे, तयार करणे, बाळगणे अशा होत्या. म्हणजे त्या कलमाचा रोख मुख्यतः पहिल्या दोन स्तरांवर होता. निंदेचा रोख मात्र तिसऱ्यावर राहिला. छायाचित्रकाराची ओळख या चित्रापुरती मर्यादित झाली नाही, वितरकाचे नाव कुणाच्या स्मरणात नाही. निर्णयाधिकार जिचा सर्वांत कमी, तिच्यावर भार सर्वाधिक पडला. हा अन्याय होता, आणि निर्दोष मुक्ततेने त्याचे निराकरण झालेले नाही.

तिसऱ्या स्तरातही समता नव्हती. सोमण त्याच चित्रात, त्याच अवस्थेत उभे आहेत. परंतु असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा 1986 चा कायदा केवळ स्त्रीच्या चित्रणाविषयी बोलतो. पुरुषदेह त्याच्या व्याख्येतच येत नाही. स्त्रीच्या संरक्षणासाठी केलेली व्याख्या अशा रीतीने लोकांची नजर स्त्रीवरच खिळवते.

आता अश्लीलतेच्या कसोटीचा प्रश्न. 1964 च्या रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडमधील 1868 ची हिक्लिन कसोटी स्वीकारली होती: ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होण्याजोगा आहे, त्यांना ही वस्तू भ्रष्ट करील काय? मराठी वाचकाला याच्या जवळचा खटला चंद्रकांत काकोडकर यांचा. ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेवरून तो झाला, आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकास मुक्त करताना समकालीन समाजाच्या दृष्टीला महत्त्व दिले. 2014 च्या अवीक सरकार निकालाने हिक्लिन कसोटी बाजूला सारून समकालीन सामाजिक मानदंड हीच कसोटी ठरवली. सप्रे यांचा खटला 1969 आणि 2014 या दोन टप्प्यांच्या मधला.

परंतु मानदंड कोणत्या समाजाचा? मुंबईत चकचकीत मासिक घेणाऱ्या वाचकापुढे ते चित्र जाहिरात म्हणून आले. सोलापूरजवळच्या होटगीसारख्या गावी, जेथे गदगची रेल्वेवाट वाडीच्या मार्गापासून फुटते आणि फलाटावर मराठी-कानडी दोन्ही ऐकू येतात, तेथे असे मासिक घेणारे घर विरळा. तेथे जाहिरात पोहोचण्याआधी तिची बातमी पोहोचणार, आणि बातमीत बूट नसतो, केवळ नग्नता असते. म्हणजे होटगीचा वाचक ज्यावर मत देईल ती वस्तूच वेगळी असेल. मानदंड मोजण्यापूर्वी दोन्हीकडे एकच वस्तू पाहिली गेली काय, हे ठरवणे तर्कदृष्ट्या प्रथम येते. समग्र संदर्भ पाहा, असे न्यायालये सांगतात. प्रसाराचा मार्ग हाही त्या संदर्भाचाच भाग मानला पाहिजे.

2003 च्या ‘बूम’ चित्रपटातील भूमिकेनंतर सप्रे यांनी चित्रपटसृष्टीत पाय रोवले नाहीत. त्या इटलीत स्थायिक झाल्या. 1 जुलै 2024 पासून कलम 292 ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 ने घेतली. त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमातील प्रदर्शनाचा स्पष्ट उल्लेख आला आहे, अश्लीलतेची व्याख्या मात्र जवळपास जुन्याच शब्दांत कायम आहे.