संचालन प्रणाली आणि यंत्रसामग्री : संगणक-निवडीच्या स्वातंत्र्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या खरेदी समितीपुढे संगणकांची दरपत्रके येतात तेव्हा चर्चा बहुधा प्रोसेसर, स्मृतिक्षमता आणि किंमत यांभोवती फिरते. त्या यंत्रावर कोणती संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, चालणार हा प्रश्न दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीत येतो किंवा येतच नाही. यंत्र आणि प्रणाली या दोन स्वतंत्र वस्तू असून त्या स्वतंत्रपणे निवडता येतात, असे आपण गृहीत धरतो. संगणकाचा इतिहास मात्र या गृहीतकाला सहजासहजी दुजोरा देत नाही. हे स्वातंत्र्य तंत्रज्ञानाच्या प्रगतीतून आपोआप आलेले नसून करार, कायदे आणि खुली मानके यांनी ते घडविले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

यंत्राबरोबर येणारी प्रणाली

१९६० च्या दशकाच्या आरंभी एकाच कंपनीच्या दोन संगणकांचे आज्ञासंचही परस्परांशी जुळतील याची खात्री नसे. मोठे यंत्र घ्यायचे तर जुने प्रोग्राम बहुधा पुन्हा लिहावे लागत. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टीम/३६०’ ही मालिका जाहीर केली आणि लहानमोठ्या यंत्रांना एक समान आज्ञासंच दिला. या मालिकेसाठीची ‘ओएस/३६०’ ही प्रणाली तयार होण्यास अपेक्षेपेक्षा बराच विलंब लागला. त्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी पुढे १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात त्या अनुभवाची चिकित्सा केली. ग्राहकाला आता लहान यंत्राकडून मोठ्या यंत्राकडे जाता येत होते. परंतु ही वाट एकाच कंपनीच्या कुंपणातून जात होती. १९६९ मध्ये आयबीएमने अनेक सॉफ्टवेअर व सेवांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले. मूलभूत संचालन प्रणाली मात्र तेव्हाही यंत्राबरोबरच मिळत राहिली.

युनिक्स : यंत्रापासून सुटलेली प्रणाली

त्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या छोट्या संगणकावर युनिक्सचा आरंभ केला. प्रारंभीचे युनिक्स यंत्राच्या असेम्ब्ली भाषेतच लिहिलेले होते. १९७३ मध्ये तिचा गाभा ‘सी’ या उच्चस्तरीय भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. त्यामुळे नव्या यंत्रावर जाताना संपूर्ण प्रणाली पुन्हा रचण्याची गरज उरली नाही. त्या यंत्रासाठी ‘सी’चा अनुवादक आणि यंत्राशी थेट निगडित असा थोडा भाग लिहिणे पुरेसे ठरू लागले. त्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्स अगदी वेगळ्या रचनेच्या इंटरडेटा यंत्रांवर नेण्यात आले.

या तांत्रिक यशामागे एक कायदेशीर पार्श्वभूमीही होती. १९५६ च्या न्यायालयीन समझोत्यानुसार एटी अँड टी या मूळ कंपनीवर दूरसंचाराबाहेरच्या व्यवसायाची बंधने होती. त्यामुळे तिने युनिक्स बाजारात विकण्याऐवजी विद्यापीठांना अल्प शुल्कात, मूळ संहितेसह वापरण्याचे परवाने दिले. पुढची पिढी या प्रणालीच्या अभ्यासातूनच घडली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने इंटेल ३८६ यंत्रासाठी सुरू केलेली लिनक्स प्रणाली याच परंपरेत बसते.

१९८१ चा करार आणि त्याचे परिणाम

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने वैयक्तिक संगणक सादर केला. त्यासाठी पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टीम असे तीन पर्याय जाहीर झाले होते. म्हणजे निवड कागदावर उपलब्ध होती. परंतु पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर होती, तर काही महिने उशिरा आलेल्या सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. ग्राहकांनी कोणता पर्याय स्वीकारला हे वेगळे सांगावयास नको.

याहून दूरगामी ठरली ती करारातील एक तरतूद. हीच प्रणाली ‘एमएस-डॉस’ या नावाने इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला होता. पुढे कॉम्पॅकने आयबीएमच्या संहितेची नक्कल न करता तशाच कार्याचा बायोस स्वतंत्रपणे लिहिला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये सुसंगत संगणक जाहीर केला. सुसंगत यंत्रांची बाजारपेठ खुली झाली, किमती उतरल्या.

येथे एक विरोधाभास लक्षात घेतला पाहिजे. यंत्र कोणाचे घ्यावे याचे स्वातंत्र्य वाढत असताना प्रणाली कोणती घ्यावी याचे स्वातंत्र्य आक्रसत गेले. उत्पादकाने पाठविलेल्या प्रत्येक यंत्रामागे, त्यावर मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो, शुल्क आकारणारे परवाने प्रचलित झाले. अमेरिकी न्याय विभागाशी १९९४ मध्ये झालेल्या समझोत्याने ही पद्धत थांबली. अ‍ॅपलने उलट मार्ग धरला आणि यंत्र व प्रणाली एकाच हाती ठेवली. इतर उत्पादकांना मॅकसदृश यंत्रे बनविण्याचे परवाने देण्याचा तिचा प्रयोग १९९५ मध्ये सुरू होऊन १९९७ मध्ये गुंडाळला गेला.

मराठीचा अनुभव

हा केवळ परदेशी कंपन्यांचा इतिहास नाही. डॉसच्या मूळ रचनेत देवनागरीला स्थान नव्हते. कानपूरच्या आयआयटीतील संशोधनातून उगम पावलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. संगणकात एक वेगळे कार्ड बसविले म्हणजे डॉसवरील प्रोग्राममध्ये मराठी अक्षरे उमटत. अर्थात मराठी लिहिण्यासाठी प्रणालीबरोबर यंत्राचा एक सुटा भागही निवडावा लागे.

विंडोजचा प्रसार झाल्यावर कार्डाची जागा फॉन्टने घेतली. यंत्राचे बंधन सुटले, पण नवे बंधन आले. अनेक फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी आपापल्या पद्धतीने मराठी अक्षरे बसविली. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की लेखाऐवजी निरर्थक रोमन चिन्हे दिसत. त्या काळात टंकलिखित झालेले कित्येक प्रबंध व लेख याच कारणाने आज सहज वाचता येत नाहीत. यावरील उत्तर खुल्या मानकांतून आले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. विंडोज २००० मध्ये मराठीला युनिकोडचा आधार मिळाला आणि लिनक्सवरही ती सोय झाली. मराठी मजकूर प्रथमच यंत्र व प्रणाली या दोहोंपासून स्वतंत्र झाला.

समारोप

हा प्रश्न आजही जिवंत आहे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व ठरावीक प्रोसेसर अनिवार्य केले. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. सुस्थितीतील अनेक यंत्रे यामुळे निरुपयोगी मानली जात आहेत. त्यांपैकी बऱ्याच यंत्रांवर लिनक्स चालू शकते, कारण तेथे यंत्राचे आयुष्य एका कंपनीच्या निर्णयाशी बांधलेले नाही. परंतु एखादा आवश्यक प्रोग्राम केवळ विंडोजवरच चालत असेल, तर हा पर्यायही अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून खरेदी समितीने दरपत्रकाबरोबर तीन प्रश्न विचारावेत. या यंत्रावर दुसरी प्रणाली चालेल काय? प्रणालीचे साहाय्य किती वर्षे मिळेल? आणि आपण आज लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्रणालीत उघडेल काय? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. यंत्रे आणि प्रणाल्या पुन्हा विकत घेता येतात. वाचता न येणारा मजकूर मात्र पुन्हा विकत मिळत नाही.