तीव्र उताराची विद्या आणि खानदेशचे भिल्ल

बर्फाळ कड्यांवरून स्कीवर घसरत उतरणे हा आज सुट्टीतला खेळ मानला जातो. त्याच्या मुळाशी मात्र सैन्य आहे. १७६७ साली नॉर्वेच्या सैन्यात स्कीच्या स्पर्धा झाल्या, तेव्हा तीव्र उतारावरून न पडता खाली येणाऱ्यांसाठी वेगळी बक्षिसे होती. उतार ज्याला साधला तोच डोंगरात उपयोगी, हे राज्यकर्त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

खानदेशात बर्फ नाही. परंतु उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग असलेल्या या प्रदेशाच्या इतिहासातही उताराची विद्या निर्णायक ठरली. ती भिल्लांपाशी होती.

मराठेशाहीत घाटवाटांची राखण भिल्ल नाईकांकडे असे व त्याबद्दल त्यांना परंपरागत हक्क मिळत. होळकर-शिंद्यांच्या झुंजी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत ही घडी विस्कटली. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. धुळ्याहून कारभार पाहणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जच्या पलटणी सपाटीवर बलवान, डोंगरात हतबल ठरल्या. शिपाई कडा चढून जाईतो भिल्ल पलीकडच्या दरीत उतरलेले असत. उरलेले काम हिवताप करी.

१८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. त्यांच्यासोबत राहून, वाघांच्या शिकारी करून त्याने त्यांचा विश्वास मिळवला. हा त्याच्या स्वभावाचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि ते खोटे नाही. पण त्यात एक सूक्ष्म बदल दडलेला आहे. पूर्वी घाट राखणे हा भिल्लांचा हक्क होता, आता ती नोकरी झाली. हक्क पिढीजात असतो. नोकरी साहेबाच्या मर्जीवर टिकते.

आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाची राखण करणाऱ्या खाज्या नाईकाला हा फरक अनुभवावा लागला. सरकारने त्याला नोकरीवरून दूर केले, गरज पडताच पुन्हा बोलावले. १८५७ मध्ये तो उलटला आणि राखणदारानेच घाट अडवला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीच्या लढाईत भिल्लांचा मोठा संहार झाला.

चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. त्या डोंगरांतल्या वाटा औट्रमला ज्यांनी दाखवल्या, त्यांची नावे मात्र घाटाला लाभली नाहीत.