नाणेघाटातला रांजण आणि खिशातला नाका

मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट चढते. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जाई. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी त्यात टाकावीत, असा त्याचा उपयोग सांगितला जातो. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञ केले, गाई दिल्या, हत्ती दिले, कार्षापण दिले, अशी दानाची मोठी यादी त्यात आकड्यांसह कोरलेली आहे. जकातीचा दर मात्र त्या लेखात नाही. दिले किती ते दगडावर आले, घेतले किती ते आले नाही.

मी बदलापूरला राहतो. हे गाव कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या जुन्या वाटांवरचे. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, अशी लोकव्युत्पत्ती आहे. ती खरी असो वा नसो, वाटेवरच्या गावाला शोभणारी आहे. विद्यापीठाचे शिक्षण मला लाभले नाही. गॅझेटियरे, जुने अहवाल आणि गावातल्या ‘ग्रंथसखा’सारखी वाचनालये, एवढ्यावर माझे वाचन झाले. बाजार, जकात आणि अडत हे त्यातले आवडीचे विषय. म्हणूनच मोबाइलच्या ॲप स्टोअरचा वाद वर्तमानपत्रांत येऊ लागला तेव्हा तो मला फारसा नवा वाटला नाही. ज्याने वाट बांधली त्याने वाटसरूंकडून किती घ्यावे, हा प्रश्न आपल्या मुलखात दोन हजार वर्षांचा आहे.

घटना काय आहे?

१ मार्च २०२४ रोजी गूगलने आपल्या प्ले स्टोअरमधून काही भारतीय कंपन्यांची ॲप काढून टाकली. त्यांत मुंबईची ‘शादी डॉट कॉम’ होती, ‘भारत मॅट्रिमोनी’ होती, ‘नोकरी’ होती आणि गोष्टी ऐकवणारे ‘कुकू एफएम’ही होते. वाद शुल्काचा होता. न्यायालयाकडून कंपन्यांना अंतरिम दिलासा मिळालेला नव्हता. केंद्र सरकारने मध्यस्थी केली आणि काही दिवसांत ॲप परत आली. पण तेवढ्या दिवसांत एक गोष्ट सर्वांना दिसली. मुलामुलींची लग्ने जुळवणारे, नोकऱ्या शोधून देणारे मोठमोठे व्यवसाय एका परक्या कंपनीच्या एका निर्णयाने बाजारातून उठू शकतात.

हे शुल्क कसे आहे? ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले, गूगलचे त्याच वर्षी ऑक्टोबरात. ॲपमधून विकल्या जाणाऱ्या आभासी मालावर, म्हणजे वर्गणी, खेळ, गाणी, पुस्तके यांवर, ३० टक्के हा दर रूढ झाला. पुढे लहान विक्रेत्यांसाठी आणि वर्गणीसाठी तो १५ टक्क्यांवर आला. रिक्षा बोलावली किंवा किराणा मागवला तर हे शुल्क लागत नाही. मराठी गोष्टी ऐकवणाऱ्या ॲपची १०० रुपयांची वर्गणी स्टोअरच्या मार्गाने भरली, तर निदान १५ रुपये वाटेवर जातात. आयफोनवर आपल्याकडे दुसरी वाटच नाही. अँड्रॉइडवर आहे, पण त्या वाटेवर धोक्याच्या इतक्या पाट्या लावलेल्या असतात की सामान्य माणूस तिकडे वळत नाही. आणि भारतातले बहुतेक सगळे स्मार्टफोन अँड्रॉइडचेच आहेत.

पेठेचा कौल

पेशवाईत नवी पेठ वसवायची असली की सरकारातून कौल मिळे. येऊन राहणाऱ्या वाण्या-उदम्यांना काही वर्षे जकात माफ असे. पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे असे आणि दुकानदारांकडून त्यांना वतनाचे हक्क मिळत. पेठ भरली, गिऱ्हाईक लागले, की माफीची मुदत संपे आणि जकात सुरू होई. यात फसवणूक नव्हती, कारण मुदत कौलातच लिहिलेली असे. व्यापारी ते वाचून येई.

मोबाइलच्या पेठेचा क्रमही असाच आहे, फक्त कौल स्पष्ट नव्हता. अनेक भारतीय कंपन्या प्ले स्टोअरवर असूनही पैसे आपापल्या मार्गाने घेत होत्या. आभासी माल विकणाऱ्या सर्वांनी आमच्याच पेढीवर पैसे भरून घ्यावेत, असे गूगलने सप्टेंबर २०२० मध्ये बजावले. ओरड झाल्यावर भारतापुरती मुदत वाढवून दिली. तोवर पेठ भरलेली होती आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या पेठेची वाट ठाऊक नव्हती.

कारंजा ते वाशी

या प्रश्नाचा सर्वांत जवळचा दाखला आपल्या बाजार समित्यांच्या इतिहासात आहे. वऱ्हाडातले कारंजा हे देशातले पहिले नियंत्रित कापूस बाजार मानले जाते, वर्ष १८८६. त्यापाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, ही त्यामागची मोठी प्रेरणा. शेतकऱ्याचे भले हा जोडफायदा होता.

त्या काळच्या बाजाराची वर्णने वाचताना अंगावर काटा येतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. त्याला हत्ता म्हणत. गाडीवाल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. मग अडत, तोलाई, हमाली, नमुना, धर्मादाय, पांजरपोळ अशा नावांखाली पट्टीतून कपात होई. यातली एकेक रक्कम लहान. अडत्या काही फुकट बसलेला नव्हता. तो गिऱ्हाईक आणून देई, उधारीची जोखीम घेई, अडीनडीला उचल देई. त्याची सेवा खरी होती. आणि म्हणूनच त्याच्या तावडीतून सुटणे कठीण होते.

वऱ्हाडच्या कायद्याने बाजाराला नियम दिले, पण समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे राहिले. मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्याने उत्पादकाला समितीत जागा दिली. लिनलिथगो यांच्या शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा जोरदार पुरस्कार केला. १९३९ मध्ये मुंबई इलाख्यात इतर शेतमालासाठी कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ चा. रुमाल गेला, उघड लिलाव आला, दराचा फलक आला, पट्टीवर कपातीची कलमे आली.

पण त्याच कायद्याने बाजाराला कुंपणही घातले. अधिसूचित माल समितीच्या आवारातच विकायचा. शेतकऱ्याला अडत्यापासून वाचवायला बांधलेल्या आवारात अडते पुन्हा मुख्य झाले. गाळे मोजके, परवाने मोजके. पुढे २००६ मध्ये राज्याने खासगी बाजार आणि थेट खरेदीला वाट दिली. जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असे ठरवले. व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी लिलाव बंद ठेवले. फळ-भाजीपाल्याची अधिकृत अडत तेव्हा साधारण १० टक्क्यांच्या आत होती. तेवढ्यासाठी राज्याचे राजकारण ढवळून निघाले. मोबाइलवर १५ आणि ३० टक्क्यांची अडत वर्षानुवर्षे कापली गेली आणि ती कापली जाते हेसुद्धा बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते, कारण पावतीवर ते कलम नसते.

२०१६ च्या निर्णयातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अडत खरेदीदारावर टाकली, तरी तो बोली लावतानाच ती धरून लावू शकतो. अडत कोणाच्या नावावर लिहिली यापेक्षा, विकणाऱ्याला आवाराबाहेर जाता येते का, याला महत्त्व जास्त.

अंबरनाथची आगपेटी

बदलापूरच्या शेजारचे अंबरनाथ लोकांना शिलाहारांच्या शिवमंदिरासाठी ठाऊक असते. आर्थिक इतिहासात त्याचे नाव विम्कोमुळे आहे. १९२२ मध्ये सरकारने आयात आगपेट्यांवर दर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया कर बसवला. हिंदुस्थानात माल विकणाऱ्या स्वीडिश मॅच कंपनीने त्यावर तोड काढली. कराच्या भिंतीबाहेर राहण्याऐवजी आत येऊन कारखाने घालायचे. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विम्को, निघाली आणि अंबरनाथला कारखाना उभा राहिला.

स्वीडिश मॅचचा सूत्रधार इव्हार क्रूगर. सरकारांना कर्ज द्यायचे आणि बदल्यात त्या देशातल्या आगपेटीचा मक्ता घ्यायचा, ही त्याची रीत. पोलंड, फ्रान्स, जर्मनी यांना त्याने अशी कर्जे दिली. पण त्याच्या सत्तेचा दुसरा आधार अधिक बोलका आहे. आगपेटी बनवण्याच्या यंत्रांवर आणि काडीच्या गुलाला लागणाऱ्या रसायनांवर त्याच्या समूहाची पकड होती. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लागणारी साधनेही त्याच्याच वखारीत. मार्च १९३२ मध्ये पॅरिसला क्रूगरने आत्महत्या केली आणि त्याच्या साम्राज्यातले बनावट रोखे उघडकीस आले.

हिंदुस्थानात या कंपनीला तोंड दिले ते शिवकाशीने. १९२३ च्या सुमारास तिथे हाताने आगपेट्या करण्याचा धंदा सुरू झाला. काड्या हाताने चौकटीत बसवणाऱ्यांना क्रूगरच्या यंत्रांची गरज नव्हती. स्वातंत्र्यानंतर सरकारने लहान कारखान्यांना अबकारीत सवलत दिली आणि यंत्रावरच्या मोठ्या उत्पादनाच्या वाढीला लगाम घातला. त्यामुळे शिवकाशी टिकली, फोफावली. मात्र त्या मोकळिकीची किंमत तिथल्या लहान मुलांनीही मोजली. बालमजुरीचा तो डाग कोणी लपवू नये. बाजार खुला झाला म्हणजे तो न्यायाचा झाला, असे आपोआप होत नाही.

अंबरनाथचा धडा वेगळा आहे. नाक्याचा मालक स्वतःच व्यापारी असला की जकातीचा अर्थ बदलतो. ॲपल स्वतः गाणी विकते आणि गाणी विकणाऱ्या इतरांकडून हिस्साही घेते. गूगलची पैसे भरण्याची सेवा आणि यूट्यूबची वर्गणी त्याच पेठेत आहेत. प्रतिस्पर्ध्याने भरलेले शुल्क आपल्या गल्ल्यात पडत असेल, तर त्याचा माल नेहमीच थोडा महाग राहणार.

दुसरी बाजू

स्टोअरवाल्यांचे म्हणणे मी पोकळ मानत नाही. ते ॲप तपासतात, पैशांची उलाढाल सांभाळतात, बदलापुरातल्या मुलाने लिहिलेले ॲप ब्राझीलमधल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवतात. शिवाय बहुतेक ॲप फुकट असतात आणि काहीच भरत नाहीत. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडून बँकेतली रक्कम गमावलेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच. कुंपण काही फक्त लोभापायी घातलेले नाही. नाणेघाटातही पाण्याची टाकी खोदलेली आहेत.

साहित्याच्या वाचकाला आणखी एक शंका येईल. पुस्तकविक्रेताही छापील किमतीत भरघोस कमिशन घेतोच की. घेतो. पण प्रकाशकाने वाचकाला पुस्तक परस्पर टपालाने पाठवले, तर विक्रेता त्याला बाजारातून उठवू शकत नाही. ‘आमच्याकडून थेट मागवल्यास सवलत’ असे मलपृष्ठावर छापायला तो मनाई करत नाही. दिवाळी अंकाचे वर्गणीदार पैसे थेट कार्यालयात भरतात, तेव्हा मधल्या विक्रेत्याचा हिस्सा त्यातून वजा होत नाही. ॲपच्या बाबतीत नेमकी हीच मनाई होती. बाहेर स्वस्त मिळते, हे गिऱ्हाइकाला सांगायचेही नाही. अमेरिकेत एपिक कंपनीने २०२० मध्ये ॲपलवर भरलेल्या खटल्यात बाकी बरेच मुद्दे ॲपलच्या बाजूने गेले, पण ही मनाई न्यायालयाने मोडली. त्यावर ॲपलने बाहेरच्या विक्रीवरही २७ टक्के लावले आणि एप्रिल २०२५ मध्ये तो न्यायालयाचा अवमान ठरला.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या पेढीच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. दरम्यान गूगलने दुसरी पेढी वापरायला परवानगी दिली. मात्र तसे केल्यास शुल्कात सूट ४ टक्क्यांची. दुसऱ्या पेढीचा खर्च धरला की हातात फारसे उरत नाही. आवाराचे दार उघडले, पण बाहेर जाणाऱ्यालाही अडत लागू राहिली.

मला काय वाटते

घाट, पेठ, आवार आणि कारखाना यांच्या इतिहासातून मला चार प्रश्न मिळतात. शुल्काचे कलम देणाऱ्याला पावतीवर दिसते का? दर ठरवताना भरणाऱ्याला बोलायला जागा आहे का? नाक्याचा मालक त्याच बाजारात दुकान मांडतो का? आणि दुसरी वाट आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. नाणेघाट महाग पडला तर व्यापाऱ्याला बोरघाट होता. त्यामुळे रांजण किती भरायचा याला मर्यादा राही.

आजच्या ॲप स्टोअरला चारही प्रश्नांची उत्तरे नीट देता येत नाहीत. म्हणून शुल्क घेणे मला अन्याय वाटत नाही, पण वाट बंद करून घेतलेले शुल्क वाटते. दर ३० वरून १५ केल्याने ते न्याय्य होत नाही, कारण उद्या पुन्हा ३० करणारा हात तोच आहे. उपाय कायद्याचाच आहे. युरोपीय संघाने बड्या कंपन्यांना मार्च २०२४ पासून अशा कायद्याखाली आणले आणि आयफोनवर दुसऱ्या दुकानांना वाट मिळाली. त्याच महिन्यात आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्या मसुद्यावर मोठ्या कंपन्या बोलतील, वकील बोलतील. लहान ॲप लिहिणारे, गोष्टी वाचून दाखवणारे आणि वर्गणी भरणारे आपण यांनीही बोलले पाहिजे. कारंजाचा बाजार नियमांत आला तो १८८६ मध्ये. शेतकऱ्याला समितीत खुर्ची देणारा इलाख्याचा कायदा आला १९२७ मध्ये. मधल्या ४१ वर्षांत किती गाड्या कमी भावाने रिकाम्या झाल्या, याचा हिशोब कोणत्याही दगडावर कोरलेला नाही.