स्तन राखणारी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विल्यम हॉल्स्टेड यांनी बाल्टिमोर येथे रूढ केलेली स्तनकर्करोगाची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रमाण मानली जात होती. संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू व काखेतील लसिकाग्रंथी एकत्र काढून टाकणे, असे तिचे स्वरूप होते. रोग मूळ गाठीपासून क्रमाने बाहेर पसरतो, म्हणून जितके अधिक कापावे तितकी रुग्ण सुरक्षित, हे त्यामागील गृहीतक होय.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे धाकटे बंधू) यांनी १९२० च्या दशकात या गृहीतकाला छेद दिला. स्तन न काढता त्यांनी ऊतींमध्ये रेडियमच्या सुया खुपसून ठेवल्या. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीचे होते; तथापि ते उपेक्षित राहिले. महायुद्धाने कामात खंड पडला, हे खरे. परंतु तुलनेसाठी यादृच्छिक गट नसल्याने हे निष्कर्ष नाकारणे विरोधकांना सोपे गेले, हे कारण प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचे वाटते.

ती उणीव मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी (१९७३ पासून, ७०१ स्त्रिया) आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर (१९७६ पासून) यांच्या चाचण्यांनी भरून काढली. स्तन राखल्याने आयुर्मान घटत नाही, हे दोन्हींच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांतून २००२ मध्ये स्पष्ट झाले. फिशर यांच्या चाचणीत केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९.२ टक्के जणींच्या त्याच स्तनात रोग उलटला. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते.

मात्र किरणोपचार म्हणजे कित्येक आठवडे रोजची रुग्णालयवारी. केंद्रापासून दूर राहणाऱ्या स्त्रीपुढे अनेकदा स्तन काढण्याचाच पर्याय उरे. येथे मूळचे गोव्याचे डॉ. जयंत वैद्य यांचे कार्य लक्षणीय ठरते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात काढलेल्या संपूर्ण स्तनांची तपासणी करून त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले की, मूळ गाठीपासून दूरही कर्करोगाची सूक्ष्म केंद्रे आढळतात. असे असूनही रोग उलटतो तो बहुधा मूळ जागीच. मग सगळ्या स्तनावर किरण कशासाठी? या प्रश्नातून, लंडनमध्ये मायकेल बॉम व जेफ्री टोबायस यांच्यासह, गाठ काढताच त्या पोकळीत गोलाकार साधन ठेवून सुमारे अर्धा तास किरण देण्याची पद्धत १९९८ मध्ये प्रत्यक्षात आली.

तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये व दीर्घकालीन निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांवर किरणोपचारतज्ज्ञांनी आक्षेपही घेतले. मिलानमधील इलेक्ट्रॉन किरणांच्या समांतर चाचणीत (२०१३) पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ४.४ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ०.४ टक्के आढळले. एकूण आयुर्मानात मात्र फरक नव्हता.