विमानतळांवरील रात्रउड्डाणबंदी

रात्रीच्या ठरावीक तासांत विमानांच्या उड्डाणांवर व अवतरणांवर घातलेले निर्बंध. विमानतळाच्या परिसरातील रहिवाशांची झोप गोंगाटाने मोडू नये, हा त्यांचा हेतू. सिडनी येथे १९९५ च्या अधिनियमानुसार रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत काही अपवाद सोडता वाहतूक बंद असते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर मात्र ती मर्यादित प्रमाणात चालू असते.

१९५८ मध्ये जेट विमानांची अटलांटिकपार प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि गोंगाटाचा प्रश्न तीव्र बनला. हीथ्रोवर १९६२ मध्ये रात्रीच्या उड्डाणांवर निर्बंध आले. १९९३ मध्ये ब्रिटिश शासनाने गुणांकपद्धती स्वीकारली. तीनुसार प्रत्येक विमानप्रकाराला त्याच्या प्रमाणित गोंगाटाप्रमाणे गुणांक मिळतो, गोंगाट सु. ३ डेसिबलांनी वाढला की गुणांक दुप्पट होतो. रात्री ११·३० ते सकाळी ६ या काळासाठी प्रत्येक हंगामाच्या एकूण गुणांची मर्यादा ठरलेली असते. त्यामुळे कमी आवाजाची विमाने वापरणाऱ्या कंपन्यांना अधिक फेऱ्या करता येतात. परंतु झोपमोड आवाजाच्या तीव्रतेइतकीच फेऱ्यांच्या संख्येवरही अवलंबून असते. विमानांची कमाल संख्या न ठरविणारी ही योजना कायद्याशी विसंगत आहे, असा निर्णय इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. त्यानंतर फेऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा घालण्यात आली. हीथ्रोसाठी ती पुढे वर्षाला ५,८०० अशी ठरली.

हीथ्रो परिसरातील आठ रहिवाशांनी यूरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. खाजगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय २००१ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. मात्र २००३ मध्ये त्याच न्यायालयाच्या महापीठाने तो फिरविला. देशाचे आर्थिक हित आणि रहिवाशांची झोप यांचा समतोल शासनाने वाजवी रीतीने साधला आहे, असे महापीठाचे मत पडले. तथापि रहिवाशांना देशांतर्गत परिणामकारक दाद मिळण्याची सोय नव्हती, हे त्याने मान्य केले. जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे २०११ मध्ये नवी धावपट्टी सुरू झाली, तेव्हा न्यायालयाने रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतील नियोजित उड्डाणे थांबविली; २०१२ मध्ये ही बंदी कायम झाली.

एका विमानतळावरील बंदीचा परिणाम दूरच्या वेळापत्रकांवरही होतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले विमान सु. नऊ-दहा तासांनी, तेथील निर्बंधकाळ संपल्यावर, पश्चिम यूरोपात उतरते. सकाळी पुढील विमाने गाठता यावीत हा या वेळेमागील हेतू असतो. यूरोपातील रात्रीचे निर्बंध हेही तिचे एक कारण आहे. त्यामुळे तेथील रहिवाशांना मिळणाऱ्या शांततेचे काही मोल मुंबईच्या विमानतळालगतच्या दाट वस्तीला स्वतःच्या झोपेने द्यावे लागते.