सोंगाड्याचं तोंड कुणाकडे?

१४ एप्रिलला नाटक बसवणाऱ्या वर्धेकडच्या पोट्ट्यांनो, सोंगाड्याला हाकलू नका. त्याचा इतिहास आपला आहे.

तमाशात राबले ते बहुतेक महार, मांग, कोल्हाटी. सुपारी मात्र पाटलाची. पोटासाठी सोंगाड्या स्वतःलाच येडा ठरवायचा अन् पाटील मिशीत हसायचा. आपल्या विदर्भातल्या खडी गंमतीत तर बाईचं सोंगही बाप्याच घ्यायचा, त्यावरही हशा.

जोतिबांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. कुणबी नवरा-बायकोला जोशी लुबाडतो, अन् विदूषक मधेमधे तोंड घालून जोश्याचं पितळ उघडं पाडतो. दक्षिणा प्राइझ कमिटीनं नाटक नाकारलं. (हसू कुणावर येतंय ते कमिटीला बरोबर कळलं असणार!) छापून आलं ते थेट १९७९ साली. सव्वाशे वर्षं तो विदूषक कागदातच कोंडलेला.

मधल्या काळात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. बाज तमाशाचाच. गणातला गणपती, गवळणीतला कृष्ण गेला, हशा राहिला. फक्त त्याचं तोंड फिरलं. भटाकडे, सावकाराकडे, अन् आपल्याच वस्तीतल्या दारुड्याकडे, अंगात येणाऱ्याकडेही. हे शेवटचं सोंग हल्ली आपल्या तालमीत कुणी घेताना दिसत नाही.