केवलादेवाच्या शिळेपुढें

राजस्थानांतील भरतपूरच्या घना पक्षी-उद्यानांत, केवलादेवाच्या देवळापाशीं, शिकारींचा एक शिलालेख उभा आहे. बंदुकी किती, पक्षी किती, हें त्यावर तारीखवार कोरलें आहे. १९३८ च्या नोव्हेंबरांत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले! त्या काळच्या पाहुण्यांस यांत लाजण्याजोगें कांहीं वाटलें नाहीं. उलट हा आंकडा त्यांस भूषणच वाटला.

आज त्याच शिळेपुढें गळ्यांत दुर्बीण अडकविलेला प्रवासी हळहळतो. आम्हीही हळहळलों, पण परततांना सायकलरिक्षांत बसून, किती जाती पाहिल्या तें वहींत मोजूं लागलों, तेव्हां आमचें आम्हांसच हंसूं आलें. मोजण्याची हौस तीच. पक्षी मात्र जिवंत राहिला, आणि हा फरक लहान नव्हे.

त्याची किंमत कोणीं दिली, हें मात्र त्या शिळेवर नाहीं. १९८२ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आसपासच्या गांवांच्या म्हशींस चराई बंद झाली. तंटा पेटला, आणि पोलिसांच्या गोळीबारांत माणसें मेलीं. पुढें गवत माजून पाणी झांकूं लागलें, तेव्हां म्हशींचा उपयोग पक्षितज्ज्ञांस उमगला.

आमच्या रिक्षावाल्यास पक्ष्यांचीं इंग्रजी नांवें मुखोद्गत होतीं. त्या सालाविषयीं आम्ही त्यास कांहींच विचारलें नाहीं.